सहा दिवसांचं काम

जोमार्त आकेंकडून मी मेंढी घेतली ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. गाभण होती. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात माझ्याविषयी जे बोललं जातं त्यात मेंढीच फार येते, जणू तेवढीच काय ती चूक. मेंढीची चूक मी केव्हाच निस्तरली असती.

सत्तावीस वर्षं मी पहिलीचा वर्ग घेते. या गावात ज्यांना सही करता येते त्यातल्या निम्म्यांची बोटं मी धरलेली आहेत. "बुरुल एजेच्या हाताखालून पोर न वाचता बाहेर पडत नाही," असं लोक म्हणायचे. मी "काहीतरीच तुमचं" म्हणायचे आणि पुढचं ऐकायला थांबायचे. आमच्याकडे पोरं बाईंना एजे म्हणतात, ताई म्हणावं तसं; वडीलधाऱ्या पुरुषाला आके. माझ्या वयाला ते आता शोभत नाही, पण म्हणतात.

वाचन शिकवायची आमची रीत जुनी आणि चांगली आहे. अक्षराचं नाव घ्यायचं नाही, त्याचा आवाज काढायचा. स्वराला लाल चौकोन, व्यंजनाला निळा. चौकोन फळ्यावर लावायचे, खाली अक्षरं मांडायची आणि एकेक आवाज ओढत पुढच्यात मिसळायचा. त… आ… श. ताश. ताश म्हणजे दगड. पोराला हे एकदा जमलं की पुढे जन्मभर त्याला कुणाची गरज लागत नाही. पण हे प्रत्येकाकडून एकेकट्याने करून घ्यावं लागतं, शेजारी बसून, त्याच्या ओठांकडे बघत. त्याला वेळ लागतो आणि चिकाटी लागते.

माझ्याकडे पोरं एकवीस. शेगडी एक, ती माझ्याच बाजूला. त्यात माझे दुखरे गुडघे. गेली तीन-चार वर्षं मी सगळ्यांकडून एका सुरात म्हणून घ्यायला लागले होते. एकवीस गळे एकदम "ताश!" ओरडले की खिडकीची काच थरथरायची आणि मला वाटायचं, वा, काय वाचतोय वर्ग! आत कोण वाचतंय आणि कोण नुसतं ओरडतंय, हे कळायला खुर्चीवरून उठावं लागतं. मी उठत नव्हते.

त्या सुरात सगळ्यात खणखणीत आवाज पेरिझातचा. ही जोमार्त आकेंची नात, सात वर्षांची. दोन वेण्या, दोन्ही वाकड्या, कारण त्या आजोबा, तिचे अता, घालायचे. तिचा बाप, आकेंचा एकुलता एक मुलगा, तीन वर्षांपूर्वी खिंडीत ट्रकसकट दरीत गेला. आई नुरिला त्यानंतर मॉस्कोला गेली. तिथल्या एका हॉटेलात खोल्या झाडते. दर रविवारी तिचा फोन यायचा. आकेंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणसाचा आकार दिसायचा, चेहरा नाही. घरात ही दोघंच, आणि सहा मेंढ्या.

पोरगी कोरसात वाघीण, पण एकटीला उभं केलं की मान खाली. पूर्ण हिवाळाभर हेच. मी म्हटलं, लाजते आहे, बाप नसलेलं पोर आहे, सोडा. आणि एक दिवस, फेब्रुवारीत, ती आपणहून उठली. अलिप्पे, म्हणजे आमचं अक्षरांचं पुस्तक, छातीशी धरलं आणि घोड्याचं पूर्ण पान घडाघडा वाचलं. एकही अडखळ नाही. दुसरं पान म्हटलं, तेही. मला इतका आनंद झाला की मी तिला उचलून घेतलं. कंबर दोन दिवस धरली होती.

शाळा सुटल्यावर मी घरी न जाता तशीच बर्फातून आकेंच्या फाटकाशी गेले आणि बाहेरूनच हाक दिली, "सुयुंचू, आके! सुयुंचू!"

चांगली बातमी आणणाऱ्याने हे ओरडायचं आणि ऐकणाऱ्याने आधी भेट कबूल करायची, मग बातमी ऐकायची. आके कुंपण धरत धरत बाहेर आले. त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "नुरिला आली?"

"त्याहून चांगलं!" मी म्हणाले. त्याहून चांगलं! जीभ झडायला हवी होती माझी. "पेरिझात वाचायला लागली. पानंच्या पानं वाचते."

म्हातारा लाकडांच्या ढिगावर बसला. रडला. मग उठून गोठ्यात गेला आणि हाताने चाचपून सगळ्यात चांगली मेंढी निवडली. मी रीतीप्रमाणे तीनदा नाही म्हटलं. सुयुंचू नाकारली तर देणाऱ्याचा अपमान होतो, आणि खरं सांगायचं तर चौथ्यांदा नाही म्हणायची माझी इच्छाही नव्हती. मेंढी दोरीने ओढत मी सगळ्या गावातून घरी आले. त्याच संध्याकाळी आकेंनी सुनेला फोन करून सांगितलं की तुझी लेक वाचते.

माझा नवरा केनेश म्हणाला, "सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच शाळेने काहीतरी लोकर असलेलं दिलं."

चार दिवसांनी मेंढी व्यायली. पांढरंशुभ्र कोकरू, एक कान काळा. केनेश त्याला शेकवत बसला होता आणि मी खुशीत शाळेत गेले. पेरिझातला उभं केलं, तिच्या बाकापाशी जाऊन मीच तिचं पुस्तक उलटलं आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांनी दोन पानं एकदम उलटली गेली. समोर मांजराचं पान आलं. चित्रात मांजर, अक्षरं मांजराची. आणि पेरिझात त्या पानावर डोळे रोखून, खणखणीत आवाजात, घोड्याचं पान वाचत होती.

मी तिला मध्ये थांबवलं नाही. तिने घोडा डोंगरावर नेला, पाणी पाजलं, परत आणला. शेजारच्या बाकावरचा पोरगा रोज मोठ्याने वाचायचा. तिने ऐकलं होतं, एवढंच. आजोबांच्या मांडीवर लांबलचक गाणी ऐकून वाढलेलं पोर ते. एकदा कानावर पडलं की कायमचं. अख्खं अलिप्पे तिला पाठ होतं आणि त्यातलं एक अक्षर ओळखता येत नव्हतं.

"शाबास," मी म्हणाले. "बस."

ती बसली. पुढच्या पोराला उठवलं. आवाज नेहमीसारखाच निघाला. इतक्या वर्षांची सवय.

त्याच दिवशी आकेंकडे जाऊन सांगायला हवं होतं. आके, माझी चूक झाली, मेंढी घ्या, कोकरू घ्या, मला महिनाभर द्या. पण आमच्याकडे खोटी सुयुंचू घेतलेल्या बाईला मरेपर्यंत नाव पडतं. लग्नांत तिच्यावर विनोद होतात. शिवाय मी स्वतःला सांगितलं, घाई कशाला, शिकवून टाकू गुपचूप, मग खोटं खरंच होईल, कुणाला कळणारही नाही. आणि मग शिकवलंही नाही. आज खोकला, उद्या बैठक, परवा अलिप्पेच्या सणाची तालीम. हे मी मनापासून सांगते: मी विसरले नव्हते. रोज तिला बघत होते आणि रोज टाळत होते. तिच्यासमोर चौकोन मांडून बसायचं म्हणजे आपण पाच महिने काय केलं हे बघायचं, आणि ते मला नको होतं.

अलिप्पेचा सण म्हणजे पहिलीच्या पोरांनी पुस्तक संपवल्याचा दिवस. मार्चमध्ये असतो. सगळ्या गावासमोर प्रत्येक पोर छातीवर एकेक अक्षर लटकवून उभं राहतं आणि एक उतारा वाचतं. पेरिझातला मी घोड्याचं पान दिलं. "हेच वाच हं, दुसरं नको," मी तिला म्हणाले.

"मांजराचंही येतं मला, एजे."

"माहीत आहे. हेच वाच."

सणाला शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. तळलेल्या बोरसोकची ताटं, चहा, सगळ्यांचे ओले कोट. जोमार्त आके पुढच्या रांगेत, पांढरी टोपी घालून, दिसत नसतानाही डोळे ताणून. पेरिझात लाल बूट घालून आली होती, नवेकोरे. आदल्या दिवशी मॉस्कोहून परतलेल्या एका बाईच्या हाती आईने पाठवले होते. तिने घोड्याचं पान वाचलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सुटकेचा श्वास सोडला. आणि आके उठून उभे राहिले.

"मुआलिम," ते मला म्हणाले, सगळ्यांसमोर मला बाई म्हणायची ती मानाची रीत, "परवानगी असेल तर एक मागतो. बुटांबरोबर नुरिलाचं पत्र आलंय. फोन असताना पत्र! लेक वाचायला शिकली म्हणून लिहिलंय तिने, तिच्याच नावाने. मी पाकीट उघडलेलं नाही. म्हटलं, पोरीने पहिलं पत्र तुम्हा सगळ्यांसमोर वाचावं."

मी काय म्हणणार होते? म्हणता आलं असतं. आके, ती दमली आहे. आके, घरचं पत्र घरी वाचावं. शंभर गोष्टी म्हणता आल्या असत्या. सगळी शाळा "वाच, वाच" म्हणत होती आणि मी हसत होते.

पेरिझातने पाकीट फाडलं. मी तिच्या छातीवरच्या अक्षराची दोरी सरळ करायच्या निमित्ताने मागे जाऊन उभी राहिले. एक कागद, त्यावर मोठी मोठी सुटी अक्षरं, नुकतंच वाचायला शिकलेल्या पोराला झेपतील अशी. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मान थोडी तिरपी केली. मग वाचायला लागली.

"माझ्या पेरिझात. माझ्या शिंगरा. मी नूरूझच्या आधी घरी येते. मी परत जाणार नाही. अतांच्या गुडघ्यांसाठी मलम आणते. आता तुझ्या वेण्या मी घालीन. तू फाटकाशी थांब. तुझी आई."

शाळेत एकही डोळा कोरडा राहिला नाही. ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी मॉस्कोत आहे अशीच सगळी माणसं. आकेंच्या शेजारचे लोक त्यांच्या पाठीवर थापा मारत होते, आणि ते टोपी काढून पुन्हा घालत होते, पुन्हा काढत होते.

मी तिच्या खांद्यावरून तो कागद वाचला होता. सगळा नाही. तिसरी ओळ होती, "म्हणून तुलाच सांगते." चौथी होती, "मी येणार नाही." त्याच्या खाली लग्नाचा शब्द होता आणि तान्ह्या भावाचा. त्याच्या खाली, "अतांना तू सांग. माझी जीभ रेटत नाही."

सासऱ्याचं नावही तोंडातून काढत नाही आमच्याकडे सून. त्याच्या मुलाच्या जागी दुसरा नवरा केला हे ती त्याला फोनवर कशी सांगणार? तिला वाट सापडत नव्हती. मग तिला कळलं की लेक वाचते. कुणामुळे कळलं? माझ्या सुयुंचूमुळे.

लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी पेरिझातला मधल्या सुटीत थांबवलं. "कालचं पत्र," मी म्हणाले, "तू कसं वाचलंस?"

"नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे कसं?"

तिला प्रश्नच विचित्र वाटला. "कागदाकडे बघायचं. नीट बघितलं की ऐकू येतं. घोड्याचं पान लगेच ऐकू येतं. आईचं उशिरा आलं." मग जरा घाबरून, "चुकलं का काही?"

खोटं बोलत नव्हती ती. तिला खरंच वाटत होतं की वाचणं हे असंच असतं. सगळी पोरं असंच करतात. आणि तिला शाबास म्हणणारी मीच होते.

"नाही," मी म्हणाले. "शाळा सुटली की माझ्याकडे ये. रोज."

का बोलावलं? खरं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून हाताला येतं ते काम काढलं. नूरूझला, म्हणजे आमच्या वसंतातल्या नववर्षाला, नऊ दिवस होते. आणि मला माहीत होतं की तिला वाचायला शिकवणं म्हणजे त्या चौथ्या ओळीपर्यंत तिला हाताला धरून नेणं. माहीत असूनही मी ते सुरू केलं.

पाठांतर कामाला येऊ नये म्हणून मी अर्थ नसलेले शब्द बनवले. लाल-निळे चौकोन माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. "आवाज काढ. एकेक. घाई नाही."

"ल… उ… प. लुप." तिने वर बघितलं. "एजे, लुप म्हणजे काय?"

"काही नाही."

"मग वाचायचं कशाला?"

"काही नाही म्हणूनच. हे तुला कुणी ऐकवलेलं नाही. आता पुढचं."

"म… ए… श. मेश. हे काय?"

"तेही काही नाही."

"तुमच्या घरात कशालाच काही अर्थ नाही," ती म्हणाली, आणि केनेश चहा सांडेपर्यंत हसला.

पहिले दोन दिवस ती माझ्या तोंडाकडे बघायची, शब्द माझ्याकडून ऐकू येईल म्हणून. मी ओठ मिटून बसायचे. तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे बघणं सोडलं. चौथ्या दिवशी दोन आवाज एकमेकांत मिसळताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सत्तावीस वर्षांत शेकडो चेहऱ्यांवर बघितलंय आणि त्यासाठीच तर मी या धंद्यात पडले होते. या पोरीच्या चेहऱ्यावर ते सप्टेंबरमध्येच यायला हवं होतं.

तिकडे आकेंच्या घरी गाद्या-रजया उन्हात पडल्या होत्या. नमदे झटकून झाले. शेजाऱ्याचा मोठा समोवर मागून आणला. रविवारी नुरिलाचा फोन आला नाही, तर आके सगळ्यांना म्हणाले, "निघाली असणार. गुपचूप येऊन उभी राहणार, स्वभावच तसा." बिचारी तिकडे जीव मुठीत धरून उत्तराची वाट बघत असणार, हे फक्त मला माहीत होतं. वर्षाचा एक मेंढा त्यांनी वेगळा बांधून ठेवला, सून आल्या दिवशी कापायला. आणि माझ्याकडून सुटली की पेरिझात लाल बूट घालून वळणावर जाऊन उभी राहायची, जिथे शहराकडून येणाऱ्या गाड्या थांबतात. प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघायची. मी बाजारातून येताना वाट वाकडी करून मागच्या गल्लीने यायला लागले.

"जेवत का नाहीस?" केनेशने विचारलं. मग मी त्याला सगळं सांगितलं.

"मग जाऊन सांग त्यांना."

"तुझं काय जातंय बोलायला!"

"माझं काही जात नाही. म्हणूनच मला सोपं दिसतंय," तो म्हणाला. "पण पोरगी तिथे थंडीत उभी आहे, बुरुल."

सहाव्या दिवशी पेरिझातने टेबलावरच्या चहाच्या पुड्यावरचं वाचलं. मग पिठाच्या पोत्यावरचं. मग शेगडी पेटवायला ठेवलेल्या जुन्या वर्तमानपत्रातली हवामानाची बातमी, अडखळत, घाम फुटेपर्यंत, पण वाचली. "एजे!" ती ओरडली. "हे कुणी सांगितलंच नव्हतं मला! तरी कळलं!"

सहा दिवस. महिनाभर मी जे टाळत बसले होते ते सहा दिवसांचं काम होतं. त्या दिवशी फेब्रुवारीत मेंढी परत नेऊन सुरुवात केली असती तर सणापर्यंत ही पोरगी घोडा, मांजर, पत्र सगळं वाचती झाली असती. पत्रात होतं तेच तिने वाचलं असतं, वळणावर आईची वाट बघत उभी राहिली नसती. मी तिथे बसले आणि मला माझी इतकी लाज वाटली की तिला शाबास म्हणायलाही तोंड उघडेना.

"आता घरी जाऊन आईचं पत्र परत वाचते," ती बूट चढवत म्हणाली. "तेव्हा मी नुसतं ऐकलं होतं. आता खरं वाचते."

"थांब," मी म्हणाले. "आधी कोकराला दूध पाज. केनेश अबा दाखवतील." आणि डोक्याला रुमालही न बांधता मी धावत सुटले.

आके अंगणात रजई झटकत होते. "कोण? बुरुल? ये पोरी, चहा पिऊ." मी उभ्या उभ्या सांगितलं. पहिलं पान ऐकून मी धावत आले तिथपासून. मांजराच्या पानाचं सांगितलं, शाबास म्हटल्याचं सांगितलं, पत्रातल्या मला दिसलेल्या ओळी सांगितल्या. रजई त्यांच्या हातात तशीच होती.

"मेंढी आणि कोकरू आज संध्याकाळी आणून बांधते," मी शेवटी म्हणाले.

"मेंढीचं नाव काढू नकोस!" म्हातारा कडाडला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "मेंढीची पडलीय तुला? पोरगी सहा दिवस त्या वळणावर उभी आहे. तू येता-जाता बघत होतीस ना? तुला तर दिसतं!"

त्यांनी रजई दोरीवर टाकली, ती घसरून पडली, तशीच पडू दिली.

"आणि नुरिला मला घाबरली," ते जरा वेळाने म्हणाले, आता हळू. "मी काय केलं असतं तिला? लेक म्हणून मी स्वतः हाताने लावून दिलं असतं तिचं लग्न. चारचौघांना बोलावून. तिने सांगायचं होतं मला."

"आके, पेरिझात आता येईल. ती खरंच वाचते आता. पत्र हातात घ्यायच्या आत मी सांगते तिला. जरा बेताने, समजेल असं."

"तू पुष्कळ सांगितलंस," ते म्हणाले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. मी हात पुढे केला, तो त्यांना दिसला नसेल किंवा दिसला असेल. "तिच्या नावाचं आहे. तिला वाचू दे. पण तू जायचं नाहीस. तू इथे बस."

आम्ही आत जाऊन बसलो. चहा कुणी ओतला नाही. पेरिझात पळत आली, तिच्या बाहीला कोकराचं दूध लागलं होतं. "अता, मला लुप वाचता येतं! मेश वाचता येतं! त्याला काही अर्थ नाही पण मला येतं!"

"ये," आजोबा म्हणाले. "आईचं पत्र वाच बरं."

ती नमद्यावर मांडी घालून बसली, कागद मांडीवर पसरला आणि मी शिकवलं होतं तसं पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.

"मा… झ्या. माझ्या. पे… रि… झात. माझ्या पेरिझात." ती हसली. हे तर तसंच होतं. "तू वा… चा… वाचायला शि… क… लीस. शिकलीस! एजे, आईला माहीत आहे! म्ह… णून तु… लाच सां… ग… ते."

बोट खाली सरकलं. तिला थांबवावं, कागद ओढून घ्यावा, काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी, हे सगळं मनात येऊन गेलं. आके माझ्याकडे तोंड करून बसले होते.

"मी. य… ए… ये. ण… आ… णा. र. येणार." ती पुढच्या शब्दाशी थांबली. ओठ हलले, आवाज आला नाही. परत पहिल्या अक्षरावर आली. "न… आ. ना. ह… ई." तिने बोट काढून कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मान तिरपी केली. बराच वेळ तशीच राहिली. काही ऐकू आलं नसावं.

"एजे," ती म्हणाली, "हा शब्द बरोबर वाचला का मी?"

"बरोबर वाचलास."

तिने आजोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती रडली नाही. ती माझ्याकडे अशा विश्वासाने बघत होती, जसं काही अजूनही मी म्हणेन तेच होणार होतं.

"एजे, सणाला वाचलं होतं तसं वाचलं तर चालेल का?"

महिनाभर ते चालवून घेतलं होतं ते मीच.

"नाही," मी म्हणाले.

तिने बाहीने नाक पुसलं, कागद पुन्हा मांडीवर सरळ केला आणि बोट पुढच्या ओळीवर ठेवलं.